झाडीपट्टीत पाहुणे आणावेत का?

धानकटाई

आमचं गाव वडसा-देसाईगंजहून थोडं आत, वैनगंगेच्या पट्ट्यात. धान कापून झाला, चुरणे (मळणी) आटोपले की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि रात्री नाटक लागतं. यंदा मंडळाच्या बैठकीत एका पोरानं विषय काढला. नागपूर-पुण्याकडचे पाहुणे आणायचे, दोन रात्री गावातल्या घरांत ठेवायचे, नाटक दाखवायचं, दिवसा आजूबाजूला फिरवायचं आणि त्याचे रीतसर पैसे घ्यायचे. अर्धी बैठक 'हो' म्हणाली, अर्धी 'कायले?' म्हणाली. मी नागपूरला नोकरी करतो म्हणून 'शहरातल्या लोकांना काय लागते ते तू पाह्य' असं माझ्या गळ्यात पडलंय.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग. बाहेरच्यांना यातलं ताडोबा माहीत असतं, नवेगावबांध थोडंफार, आणि हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. पण याच चार जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी, माडिया, पोवारी, हलबी, छत्तीसगडी, सिरोंचाकडे तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली बोलणारी गावं आहेत. ही बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ तर तिबेटी वसाहत आहे, गोम्पासकट (बौद्ध मठ). एका दिवसाच्या अंतरात एवढं वेगवेगळं महाराष्ट्रात दुसरीकडे सापडेल असं मला वाटत नाही.

माझं मत: वाव आहे, भरपूर आहे. पण तीन प्रश्न सुटत नाहीत. लोक खरंच येतील का? आले तर पैसा गावात राहील का? आणि त्यांच्या येण्यानं नाटक-मंडई बिघडेल का? जाणकारांनी लिहा.

तर्री_पोहे

पहिला! नाटक रात्री दहाला सुरू होऊन सकाळी संपतं हे पुण्याच्या पाहुण्यांना आधी सांगा. त्यांची दुपारची झोप सांस्कृतिक वारसा म्हणून जपावी लागेल.

मुलुखगिरी

धागा आवडला. मी पुण्याची, दुपारी झोपत नाही. :)

माझ्या मते इथे एक मोठा महोत्सव हवा. नागालँडचा हॉर्नबिल बघा. २००० साली सुरू झाला, दरवर्षी १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. तारखा ठरलेल्या असल्यामुळे लोक वर्षभर आधी विमानाची तिकिटं काढतात. सगळ्या जमातींची नृत्यं, खाणं, हस्तकला एकाच जागी बघायला मिळते. तसा 'झाडीपट्टी महोत्सव' गडचिरोलीला किंवा ब्रह्मपुरीला दहा दिवस भरवला तर? शहरी माणसाला गावोगाव हिंडून तारखा शोधणं जमत नाही हे वास्तव आहे.

नेत्रा_कु

महोत्सव होईल तेव्हा होईल. संडास-बाथरूमचं काय? रात्रभर नाटक बघायचं म्हणजे बायकांना हा पहिला प्रश्न. इतर सगळं नंतर.

धानकटाई

@नेत्रा_कु, बैठकीत हा प्रश्न आमच्या काकूनेच विचारला होता. घरोघरी संडास आहेत, नाटकाच्या मैदानाजवळ नाहीत. नोंद घेतली.

जुना_ऑर्गनवाला

मी वडसाच्या एका कंपनीत ऑर्गन वाजवायचो, म्हणून लिहितो. कंपनी म्हणजे नाटक कंपनी. नाहीतर कोणी कारखाना समजेल.

दिवाळीच्या आधी वडसात कंपन्यांची कार्यालयं उघडतात, पाट्या आणि पोस्टरं लागतात. गावागावची मंडळं येऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात, इसार देतात. भाऊबीजेपासून सीझन चालू झाला की होळीपर्यंत, कुठे कुठे पुढेही चालतो. एकेका रात्री या पट्ट्यात किती पडदे वर जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आज इथे, उद्या पन्नास कोसांवर, झोप गाडीत. तालमी मोजक्या, प्रॉम्प्टर पक्का. ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट सगळं समोर बसून वाजवायचं. गाणं आवडलं की वन्समोअर, आणि तो दिल्याशिवाय लोक नाटक पुढे जाऊ देत नाहीत. पाच अंकी म्हटलं तर पाच अंकी झालंच पाहिजे, तिकीट काढलंय! आमचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी रंगभूमी नावाचं काही असतं हे कळलं. आम्ही त्याआधीही हाऊसफुल्लच होतो.

आता मुद्द्याचं. नाटकाच्या दिवशी गावात कोण नसतं? लेकी येतात, जावई येतात, मामा-मावशा येतात. घरात पाय ठेवायला जागा नसते. मंडईत सोयरिकी जुळतात; मुलगा-मुलगी दाखवायला इतका सोयीचा दिवस दुसरा नाही. म्हणजे माणसं प्रवास करून येतात, राहतात, खातात, खरेदी करतात, रात्री खेळ बघतात. हे पर्यटनच झालं की. पाहुणा झोपायचे पैसे देत नाही एवढाच फरक. तेव्हा 'इथे पर्यटन सुरू करायचं' असं म्हणू नका, ते चालूच आहे. त्यात आणखी चार खाटा टाकायच्या का, इतकाच प्रश्न.

@मुलुखगिरी ताई, दहा दिवस एका जागी नाटकं आणली तर ती रसिकांसमोर होतील, गावासमोर नाही. आणि खरं सांगू का, शहरात आमच्या कंपन्यांचे प्रयोग झाले तेव्हा 'दोन तासांत बसवा' अशी अट असायची. दोन तासांत आमचा नुसता खलनायक ओळख करून देतो.

तर्री_पोहे

खलनायकाची एन्ट्री + हास्य + पार्श्वसंगीत + परत हास्य = ४० मिनिटं. अनुभवलंय. __/\__

हिशेबनीस

@जुना_ऑर्गनवाला, प्रतिसाद वाचून मजा आली, पण मी पैशाकडे येतो.

ताडोबाचं उदाहरण जवळचं आहे. तिथे माणसं येतात, गाड्या भरतात, रिसॉर्ट भरतात. गावातल्या माणसाला काय मिळतं? जिप्सी चालवणं, गाइडचं काम, रिसॉर्टमध्ये साफसफाई. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण पाहुणा विमानतळावरून थेट रिसॉर्ट आणि रिसॉर्टवरून थेट गेट असा फिरतो. वाटेत चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट लागतो, राणी हिराईनं बांधलेली गोंड राजा बिरशहाची समाधी आहे, महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून माणसांचे लोंढे येतात. वाघवाल्या पाहुण्याला यातलं काहीच कळत नाही. वाघ दिसला नाही की तो म्हणतो, पैसे वाया गेले.

त्यामुळे आधी ठरवा की पैसे कोणाच्या हातात पडणार. एखाद्या टूरवाल्यानं माणशी रक्कम घेतली आणि गावाला 'जेवणाचे' म्हणून थोडे दिले, तर वर्ष-दोन वर्षांत गावकरी म्हणतील की हे त्यांचं, आपलं नाही.

तुमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाले, आणि बांबू वाहतुकीचं पासबुक २०११ मध्ये जयराम रमेश यांनी मंत्री असताना गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूचे लिलाव, मजुरीचे दर, हिशेब सगळं ग्रामसभेपुढे, आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. बांबूचा हिशेब जमतो तर खाटांचा का जमू नये?

धानकटाई

हे पटलं. पण मेंढ्यात ती सवय लागायला कित्येक वर्षं अभ्यासगट चालले. आमच्या मंडळात मागच्या सीझनचा मंडपाचा हिशेब अजून चालू आहे.

जंगलवाट

ताडोब्यात गाइड आहे. हिशेबनीस बरोबर बोलले, पण थोडं एकतर्फी. गाइडच्या कामावर आमच्या गावातली पोरं शिकली. आणि पाहुण्याला वाघाशिवाय काही नको असतं असंही नाही. मी माझ्या पाहुण्यांना तारूदेवाची गोष्ट सांगतो, ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं असं आम्ही मानतो. निम्मे कॅमेरा खाली ठेवून ऐकतात. सांगणारा हवा.

एक सावधगिरी मात्र. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी भागात वाघ आता शेताशेतात आहेत, माणसं मेली आहेत. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत आलाय. नाटक संपल्यावर पाहुणे 'जरा चालत जाऊ, पहाट किती छान' करत धानाच्या बांध्यांतून निघाले तर काय? गावातला माणूस सोबत असल्याशिवाय गावाबाहेर पाय नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा. गोड बोलून नका सांगू.

सातासमुद्रापार

मी मूळची भंडाऱ्याची, आता न्यू जर्सीत. दोन्ही मुलांना मंडई दाखवायची आहे. फक्त आम्ही येतो ख्रिसमसच्या सुट्टीत. तेव्हा काही असतं का?

आणि नक्षलवादाचं काय? घरचे म्हणतात काही नाही, पण नवऱ्याचे मित्र गडचिरोली म्हटलं की डोळे मोठे करतात.

धानकटाई

ताई, डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन सीझन. भंडारा-गोंदियात मंडया दिवाळीनंतर लगेच उरकतात, पण नाटकं आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) चालू असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं: वैनगंगेकाठच्या सपाट पट्ट्यात आमची नाटकं त्या सगळ्या काळातही होतच होती. दक्षिणेकडच्या जंगलात परिस्थिती वेगळी होती, तिथल्या लोकांनी दोन्ही बाजूंनी सोसलंय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता भूपतीनं आपल्या गटासह गडचिरोलीत शस्त्रं टाकली. आता आतले रस्तेही मोकळे वाटतात असं तिकडचे मित्र सांगतात. पण तिकडे जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर जा, हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो.

पर्लकोटा

मी भामरागड तालुक्यातला, माडिया. 'तिकडचे मित्र' म्हणजे बहुधा आम्हीच, म्हणून लिहितो.

या धाग्यात नाटक आणि मंडईबद्दल जे चाललंय ते छान आहे. ती जागा मुळात सगळ्यांसाठी उघडी आहे, तिकीट काढून कोणीही बसावं. आमच्याकडचं तसं नाही. आमचे पंडुम, म्हणजे सण, असतात. पेरणीआधी विज्जा पंडुम होतो. नवीन फळ, नवीन धान्य पंडुम झाल्याशिवाय आम्ही खात नाही. त्याचा दिवस गायता (गावचा पुजारी) आणि गावातली माणसं बसून ठरवतात, कधी कधी आदल्या आठवड्यात. त्याचं वेळापत्रक छापता येणार नाही. छापलं तर तो पंडुम राहणार नाही, कार्यक्रम होईल.

कार्यक्रम काय असतो ते आम्ही पाहिलंय. कोणी साहेब किंवा मंत्री येणार असले की शाळेतल्या मुलींना रांगेत उभं करून रेला नाचवतात. रेला आम्हालाही आवडतो, रात्र रात्र चालतो, पण दुपारी बाराच्या उन्हात भाषणाआधी कोण नाचतं?

गोटुल, म्हणजे गावातल्या पोरापोरींनी जमायचं घर, त्याबद्दल तर बोलूच नये. बाहेरचे लोक त्याबद्दल काय काय वाचून येतात आणि हसत विचारतात. आज बऱ्याच गावांत गोटुल म्हणजे बैठकीची, पाहुण्यांना उतरवायची, निर्णय घ्यायची जागा आहे. आणि मेलेल्यांसाठी आम्ही रस्त्याच्या कडेला दगड उभे करतो. त्यांना टेकून फोटो काढणारे मी बघितलेत. तुमच्या आजोबांच्या समाधीला टेकून मी फोटो काढू का?

पर्यटन नको असं माझं म्हणणं नाही. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम आहे, लोक हेमलकशाला येतात तेव्हा तोही बघतात, बघावा. पावसाळ्यात मात्र येऊ नका, पर्लकोटेला पूर आला की आमचाच जगाशी संबंध तुटतो. काय उघडं आणि काय झाकलेलं हे गावानं ठरवायचं, आणि 'नाही' म्हटलं की त्याचं कारण विचारायचं नाही, एवढंच.

नेत्रा_कु

@पर्लकोटा, प्रतिसाद फार आवडला. दगडांचं माहीत नव्हतं.

मुलुखगिरी

@पर्लकोटा, तुमचा मुद्दा मान्य. पण मी थोडा उलट प्रश्न विचारते, राग मानू नका. बाहेरचं कोणी बघायला येत नाही म्हणून पुढची पिढीच सोडून देते, असंही बऱ्याच ठिकाणी झालंय. शेजारच्या बस्तरमध्ये कांगेर खोऱ्यातलं धुडमारास गाव २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं उत्तम पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमात घेतलं. तिथले तरुण स्वतः होमस्टे चालवतात, नदीत बांबूचे तराफे चालवतात. ते गोंड-धुरवा भागातलंच गाव आहे. तिथे जमलं ते इथे का नाही?

पर्लकोटा

राग कशाचा. धुडमारासमध्ये पाहुणा नदीत फिरतो, घरात जेवतो. देवाच्या जागी जाऊन बसत नाही. मीही तेच म्हणतोय. आणि आमची पोरं पंडुम सोडत असतील तर त्याचं कारण प्रेक्षक नाहीत हे नाही. बाहेर शिकायला गेल्यावर सुट्टी मिळत नाही, हे आहे. दिवाळीची सुट्टी मिळते, पंडुमची नाही.

तर्री_पोहे

यावर जोक सुचत नाहीये. पुढे चला.

सिरोंचाकर

सगळी चर्चा वैनगंगेवरच अडकलीय, प्राणहितेपर्यंत या की! आमचा सिरोंचा तालुका म्हणजे जिल्ह्याचं शेवटचं टोक. आम्हाला गडचिरोली लांब, वरंगल जवळ. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. नवरात्रात फुलांचा बतुकम्मा सण, जेवणात आंबाडीचं आंबट. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्करम, म्हणजे नदीस्नानाचा मोठा सोहळा, झालं, बारा वर्षांनी येतं, तेव्हा तेलंगणातून इतकी माणसं आली की नदीकाठ दिसत नव्हता. महाराष्ट्रातून किती आले असतील? तुम्हीच सांगा, तुमच्यातल्या कोणी ऐकलं तरी होतं का?

वडधमला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म आहेत. नदीपलीकडे काळेश्वरचं मंदिर, आता पूल आहे. सोमनूरला इंद्रावती-गोदावरी संगम. येताना वाटेत आलापल्लीचं सागवान बघता येतं, ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ आहे, २०१४ पासून. आमचा पर्यटक हैदराबादकडून येईल, पुण्याकडून नाही. तेलुगूत एक पाटी लावा, बाकी तोच शोधतो.

हिशेबनीस

हा मुद्दा भारी आहे. गोंदियाचा पर्यटक रायपूर-बालाघाटकडून येईल, सिरोंचाचा हैदराबादकडून. आपण सगळे उगाच पुण्याला समोर ठेवून बोलतोय.

मुलुखगिरी

पुण्याला इतकं टाळू नका हो, आम्ही पैसे वेळेवर देतो.

तर्री_पोहे

आणि पावती मागता.

करवतकाठी

माझं माहेर मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव, घरात माग होता. कोशाचं कापड, करवतकाठी साड्या. पुष्कळ लोक कोसा म्हणजे शेतातलं तुतीचं रेशीम समजतात. आमचा कोसा जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा. आरमोरीकडचे ढिवर लोक झाडांवर किडे सोडतात आणि कोष तयार होईपर्यंत पाखरांपासून राखत रानात राहतात. दिवसभर गोफण आणि आरडाओरडा. ढिवर म्हणजे एरवी मासे धरणारे. तलाव, मासे, कोसा असं त्यांचं वर्ष फिरतं.

आता बघा, पाहुणा दुकानात येऊन साडीचा भाव कमी करून मागतो. तोच पाहुणा एकदा मागावर बसून अर्धा तास धोटा फेकून बघेल तर भाव करणार नाही. माग बघायला येणाऱ्याकडून पैसे घ्यायला माझ्या वडिलांना लाज वाटायची. भाऊ घेतो. मला दोघांचंही बरोबर वाटतं.

जुना_ऑर्गनवाला

करवतकाठी ताई, तलावांची आठवण काढलीत ते बरं केलं. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव हे या भागाचं सगळ्यात मोठं बांधकाम आहे, आणि त्याला कोणी वास्तू म्हणत नाही. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. त्या पाण्यावर ऊस-धान झाला, त्या धानाच्या पैशावर नाटकं. तलाव फुटला तर नाटक बंद, इतकं साधं आहे.

अवांतरवाला

अवांतर: कोणीच खाण्याबद्दल लिहिलं नाही?! मी गोंदियाला लग्नाला गेलो होतो तेव्हा वडाभात खाल्ला, लाखोळीच्या डाळीचे वडे, भात, वरून तिखट आणि तेल. अजून आठवण येते. लाल मुंग्यांची चटणी मिळते का हो पाहुण्यांना? आणि मोहाची? ;)

पर्लकोटा

चटणी मिळेल. उन्हाळ्यात या. मुंग्या तुम्ही झाडावर चढून काढायच्या, आम्ही खाली उभं राहून बघू. सांस्कृतिक अनुभव.

धानकटाई

मोहाबद्दल: गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायकांनी आंदोलन करून मिळवलेली आहे. पाहुण्यांना मोहफुलाची भाकर, लाडू, मोहाची राब देऊ. दुसरं काही मागणाऱ्याला परतीची बस दाखवू.

अवांतरवाला

लाडू चालेल साहेब. :(

जंगलवाट

पण इथे एक खरा पेच आहे. माडिया-गोंड घरांत मोहाचा थेंब देवाला लागतो, ते पूजेतलं आहे. पाहुणा त्यालाच 'लोकल एक्स्पीरियन्स' समजून मागतो. देणारा अडचणीत येतो. हे आधी सांगावंच लागेल.

गोंदियाकर_पवार

उशिरा आलो. कचारगडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सालेकसा तालुका, दरेकसा स्टेशन, नागपूर-हावडा लाइनवर. माघ पौर्णिमेला तिथल्या मोठ्या गुहेत गोंडी लोकांची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, कुठून कुठून माणसं येतात. गोंडी धर्मात पूज्य असलेल्या पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी ही जागा जोडलेली आहे. 'जय सेवा'च्या घोषणा ऐकाव्यात. तिथे राहण्याची सोय, पाणी, रस्ता हे पाहुण्यांसाठी नंतर, आधी या यात्रेकरूंसाठी करा. बाहेरच्याला आपोआप मिळेल.

प्रतापगडलाही महाशिवरात्रीला तसंच. महादेवाची यात्रा, तिथेच दर्गा, आणि थोड्याच अंतरावर तिबेटी वसाहत. आम्ही लहानपणी नवस फेडून परत येताना तिबेट्यांकडून स्वेटर घ्यायचो.

नेत्रा_कु

महादेव, दर्गा, स्वेटर. मला याच ट्रिपला जायचंय.

धागारक्षक

मंडळी, चर्चा छान चालली आहे. मोहावरचे पुढचे विनोद पाककृती विभागात टाकावेत. मूळ प्रश्नाकडे वळावे ही विनंती.

हिशेबनीस

वळतो. तीन प्रश्न होते.

लोक येतील का: येतील, पण ताडोबासारखी गर्दी नाही, आणि तशी नकोच. मार्कंड्याचं उदाहरण घ्या. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, मंदिरसमूहाला विदर्भाचं खजुराहो म्हणतात, महाशिवरात्रीला लाखोंची यात्रा. बाकीच्या दिवशी चहाची टपरी शोधावी लागते. म्हणजे तुमच्याकडे माणसं येतात, पण त्यांच्या ठरलेल्या दिवशी. जुना_ऑर्गनवाला म्हणाले तेच मला खरं वाटायला लागलंय. नवीन तारखा काढू नका, आहेत त्या तारखांना बाहेरच्याला बसवा.

पैसा गावात राहील का: टूरवाल्याला मधे घेतलात तर नाही.

बिघडेल का: किती जण आणता त्यावर आहे. हजार प्रेक्षकांत वीस पाहुणे बसले तर नाटकाला काही होत नाही. दोनशे बसले आणि पुढच्या रांगेत बसले तर पुढच्या वर्षी लेखक त्यांच्यासाठी संवाद लिहील.

जुना_ऑर्गनवाला

पुढची रांग! हे लाख बोललात. पाहुण्यांना सोफा नका टाकू. तिकीट काढून गर्दीत बसवा. नाहीतर विनोदी नट सगळं नाटक सोडून त्यांच्याकडेच बघून विनोद करेल. मी त्याला ओळखतो.

मुलुखगिरी

ठीक, माझा महोत्सव मी मागे घेत नाही, पण बाजूला ठेवते. निदान एक गोष्ट करा: सीझनमध्ये कुठल्या गावात कधी नाटक, पट, मंडई आहे याची यादी कुठेतरी एका जागी टाका. पंडुम नाही, फक्त जे उघडं आहे ते. मला यायचं होतं तेव्हा तारीख कळायला वडसात कोणाला तरी फोन लावावा लागला, आणि तो माणूस मला विचारत होता, 'तुम्ही कोनाच्या घरच्या?'

गोंदियाकर_पवार

शंकरपटांच्या तारखा मी टाकू शकतो, आमच्या भागातल्या. २०१४ च्या बंदीनंतर सगळं थंड पडलं होतं, २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला, तेव्हापासून पुन्हा जोर आहे. पण बैलांना मारहाण दिसली तर पाहुणे व्हिडिओ काढतील आणि ते बरोबरच असेल. हेही आयोजकांना कळू द्या.

धानकटाई

सगळ्यांचे आभार. काल मंडळाची बैठक झाली, हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला (खलनायकाचा जोक सोडून, आमच्या गावात एक खलनायक राहतो).

ठरलं ते असं. यंदा एकच नाटक, वीस पाहुणे, त्याहून एकही जास्त नाही. आठ घरं तयार आहेत, घरमालकिणीच्या खात्यात थेट पैसे, ठरलेला हिस्सा मंडळाला आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा. टूरवाला नाही. नाटकाचं तिकीट पाहुण्यानं खिडकीवरून रांगेत उभं राहून काढायचं, बसायचं जिथे जागा मिळेल तिथे. मैदानाजवळ तात्पुरते संडास, बायकांचे वेगळे. याचा खर्च पाहुण्यांच्या पैशातून, पण वापर सगळ्या गावाला. अंधार पडल्यावर गावाबाहेर जायचं नाही. मार्कंड्याला एक दिवस, आरमोरीकडे कोसा बघायला एक दिवस. भामरागडला आम्ही कोणाला नेणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी तिकडच्या लोकांशी बोलून जावं.

विरोध करणारी अर्धी बैठक अजून विरोधातच आहे. पण त्यातल्याच एका आजीनं दोन खाटा द्यायचं कबूल केलंय. कारण विचारलं तर म्हणाली, नाटकाच्या दिवशी घर रिकामं बरं दिसत नाही, लेक दुबईले गेली.

पर्लकोटा

चांगलं ठरवलंत. तुमच्या वीस जणांपैकी कोणाला पुढे यायचं असेल तर मला कळवा, आधी दोन गावांना विचारून सांगतो. जोहार.

सातासमुद्रापार

वीसमधले चार आमचे धरा! मुलांना रात्रभर जागं राहता येईल का ही शंका आहे.

धानकटाई

ताई, धरले. मुलांचं टेन्शन नका घेऊ. आमच्याकडची पोरं दुसऱ्या अंकात आईच्या मांडीवर झोपतात आणि मारामारीला बरोबर उठतात. चादर आणा, जानेवारीत थंडी असते.

नेत्रा_कु

मी आणि माझी बहीण, दोन. संडासाचं खरं असेल तर.

धानकटाई

खरं आहे. काकूनं ठेका स्वतःच्या हातात घेतलाय, त्यामुळे आता मलाही माघार नाही.

तर्री_पोहे

मी एकटा, एक. पावती नको.